तिसऱ्या चौकोनातली खूण

आमच्या कँपात कायद्याचं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. कारण मी तीन दिवस ज्युरीत बसलोय. कुणीतरी कुणाची तरी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालवायची गाडी, पळवली होती, एवढाच तो खटला. पण तीन दिवस फुकट जेवून आणि कोर्टाची पेन्सिल खिशात घालून मी परत आलो, तेव्हापासून माझा चुलतभाऊ वेन मला 'वकीलसाहेब' म्हणतो. पुढे जे रामायण झालं त्यात माझा वाटा किती, हे यावरून कळावं. मी काही लपवत नाही. लपवायला उरलेलंच नाही, डॅनेटचं पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते सांगून झालंय.

डॅनेट म्हणजे वेनची बायको. पुलाच्या खालची, म्हणजे दक्षिणेकडची. पूल ओलांडून आलेल्या माणसाला आमच्याकडे चाळीस वर्षं झाली तरी 'नवीन' म्हणतात, डॅनेटला तर चारच झाली होती. त्यांना एक मुलगी, आयला. आम्हा लाह्ती घराण्यातली पोरं जन्माला येतात ती सोललेल्या बटाट्यासारखी, पांढरी आणि गुळगुळीत. आयला आली ती काळ्या कुरळ्या केसांची टोपी घालूनच. वेनच्या आईने, म्हणजे आमच्या लेम्पीकाकूने, पाळण्यात वाकून बघितलं, कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "केस भरपूर आहेत."

एवढंच. पण ते ती चर्चमध्येही म्हणाली, दुकानातही म्हणाली, आणि दर वेळी 'केस' या शब्दाला थोडा जास्त वेळ देत गेली. डॅनेटचे आजोबा सिसिलीहून खाणीत कामाला आलेले. त्यांचा लग्नातला फोटो वेनच्या दिवाणखान्यात लावलाय आणि त्यांच्या डोक्यावर तोच कुरळा डोंगर आहे. काकू त्या फोटोकडे पाठ करून बसायची.

आता भिंतीचं सांगतो, कारण सगळं भिंतीवरून झालं. जंगलात आमचा शिकारीचा कँप आहे, आमच्या आजोबांनी बांधलेला. एक खोली, एक शेगडी, सहा बाकं, आणि भांडी घासायची पद्धत नाही. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या प्रत्येक पोराचं नाव तापलेल्या सळईने डागलेलं आहे. मूल जन्मलं की त्यानंतरच्या हरणाच्या शिकारीच्या पहिल्या मोसमात बापाने ते डागायचं. मुलगा असो, मुलगी असो. सळई एकच, आजोबांच्या वेळची, आणि ती काकूच्या पलंगाखाली असते, कारण वेनचे वडील गेल्यापासून कँप तिच्या नावावर आहे. आयलाच्या पहिल्या मोसमात वेन सळई मागायला गेला तर काकू म्हणाली, "सापडत नाहीये. पुढच्या वर्षी बघू." वेन मान डोलावून परत आला. सहा फूट तीन इंच माणूस, पण आईसमोर त्याची मान आपोआप डोलते.

डॅनेटने तेव्हा फक्त विचारलं, "म्हणजे तुमच्या भिंतीला पण माझ्या पोरीचे केस दिसले?"

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात लाकडाची गिरणी बंद पडली. वेनची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर घरच्यांचा आरोग्य विमाही. वेनला डिसेंबरपासून काउंटीच्या बर्फ काढायच्या ट्रकवर काम मिळणार होतं, पण आयलाचा कान दुखायला डिसेंबरपर्यंत थांबणार नव्हता. म्हणून सोळा नोव्हेंबरला डॅनेट पोरीला घेऊन सरकारी ऑफिसात गेली, आरोग्याचं कार्ड काढायला. सोळा नोव्हेंबर. पंधराला मोसम सुरू होतो. आमच्यापैकी कुणी त्या दिवशी सरकारी ऑफिसात जाणार नाही, कारण ऑफिसात कुणी नसतंच. पण त्या वर्षी एक नवीन पोरगी आली होती, प्रिसिला नावाची. तीही पुलाच्या खालची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मुलीचे वडील घरी राहतात का?"

"सध्या नाही," डॅनेट म्हणाली. बाई कधी खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष.

"कधीपासून?"

"चौदा तारखेपासून."

"परत कधी येणार आहेत?"

"मनासारखं मिळालं की येतील. नाहीतर तीस तारखेला. गेल्या वर्षी चार डिसेंबर उजाडला."

प्रिसिलाने पेन खाली ठेवून तिच्याकडे दयेने बघितलं म्हणे. "घरी काही पाठवतात का?"

"मळके कपडे."

"पत्ता?"

"पत्ता नाही. जळक्या बुंध्याच्या पुढे डावीकडे."

"तिथे कुणाबरोबर राहतात?"

"उर्होकाकाबरोबर. आणि मर्वबरोबर." मर्व म्हणजे मी. "दर वर्षी जातात. लग्नाआधीपासून चालू आहे."

प्रिसिलाने लिहिलं: बाप घर सोडून गेला, ठावठिकाणा नाही, मुलीला पोसत नाही. आणि डॅनेटच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. आम्ही बघतो." डॅनेटला वाटलं, कानाचं म्हणतेय. पण कार्ड दिलं की बेपत्ता बापाकडून खर्च वसूल करायचा, असा सरकारी नियम आहे.

आमच्या सरकारने आजवर कशाची घाई केली नाही. रस्त्यावरचा एक खड्डा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. पण नवीन पोरगी, रिकामं ऑफिस, तुंबलेलं काही नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी शेरीफचा डेप्युटी बोड्री कोर्टाचा कागद घेऊन कँपाच्या दारात उभा. आम्ही तिघं पत्ते खेळत होतो, मी, वेन आणि उर्होकाका.

"वेन लाह्ती?" बोड्री म्हणाला.

"अरे गाढवा, तू माझ्या लग्नात नाचलास," वेन म्हणाला.

"विचारावं लागतं." त्याने कागद दिला, बूट काढले आणि चौथ्या बाकावर बसला. "मला पण वाटा पत्ते."

कागदात लिहिलं होतं की सरकार विरुद्ध वेन लाह्ती. मुलीच्या पोषणाचा खर्च का लावू नये, एकवीस दिवसांत उत्तर द्या. खाली तीन चौकोन. पहिला: मी बाप आहे, खर्च मान्य. दुसरा: मी बाप आहे, रक्कम मान्य नाही. तिसरा: मी बाप असल्याचं नाकारतो.

"डॅनेटने केस केली माझ्यावर?" वेन म्हणाला. "मी तर चौदालाच घरून निघालो. भांडी पण घासली होती."

"चूक झालीय कुणाची तरी," काका म्हणाला. "वकीलसाहेब, काय करायचं?"

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता मी कसा विचार केला ते ऐका. ज्युरीत असताना मी बघितलं होतं की स्नोमोबाइलवाल्याला जजने विचारलं, गुन्हा कबूल? तो म्हणाला, नाकबूल. म्हणजे सुरुवात नाकबुलीने करायची असते, ती एक रीत आहे, नंतर मोठी माणसं बसून निस्तरतात. जो पहिल्याच दिवशी कबूल म्हणतो त्याला जेवायच्या आधी घरी पाठवतात, किंवा दुसरीकडे कुठे. "बघ," मी वेनला म्हटलं, "पहिला चौकोन म्हणजे तू बायको टाकलीस हे कबूल. दुसराही तेच, फक्त घासाघीस. तिसऱ्यात 'नाकारतो' हा शब्द आहे. सगळंच नाकारून टाक. आपोआप रद्द होईल."

"पण त्यात बाप असल्याचं लिहिलंय."

"ती कायद्याची भाषा आहे."

वेनने सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या चौकोनात फुली मारली. एवढी ठळक की खालच्या पाटीवर उमटली. काकाने साक्षीदार म्हणून सही केली. बोड्री म्हणाला, तिकिटाचे पैसे कशाला, मी जाता जाता टाकतो. वेनने आनंदाने त्याला अख्खं सॉसेज बांधून दिलं. त्या मोसमात वेनला हरीण मिळालं नाही. एक तारखेला तो घरी गेला, अंघोळ केली, आणि कागदाचं सांगायला विसरला. खरंच विसरला. मी तेव्हाही हेच म्हणालो आणि आजही म्हणतो, पण कुणी ऐकत नाही.

कागदाची प्रत पाच तारखेला डॅनेटला मिळाली, पोस्टात. तिने उभ्या उभ्याच फोडली. पोस्टातली आयरीन सांगते की डॅनेटने तो दोनदा वाचला, घडी घातली, मग पुन्हा उघडून तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "आयरीन, ही फुली तुला कुणाची वाटते?"

"वेनची," आयरीन म्हणाली. "पार्सलवर पण तो अशीच मारतो."

त्या दिवशी वेन साउनात झोपायला गेला. गेला म्हणजे उशी दारातून बाहेर आली आणि मागोमाग तो. साउना म्हणजे वाफेने घाम काढायची खोली, आमच्याकडे ती अंगणात असते. विस्तव विझला की पहाटेपर्यंत माणूस फ्रीजमधल्या मटणासारखा होतो. पण मला काळजी वेगळीच होती. लेम्पीकाकूला बातमी लागली आणि ती वेलचीचा पाव घेऊन घरोघर निघाली. "मी कधी काही बोलले नाही हं," ती सांगत होती. "माझा वेन स्वतःच बोललाय. कोर्टात. लेखी."

सहा तारखेला मी डॅनेटकडे गेलो. सोबत माशाचं लोणचं नेलं, माफीसाठी.

"डॅनेट, एक फोन कर ना. नवरा घरीच आहे, एवढं सांग. केस बंद होईल. प्रिसिलाने तसं सांगितलंय तुला."

"सांगितलंय."

"मग?"

ती आयलाला पायमोजे घालत होती. एक घालून झाला की पोरगी दुसरा काढायची. "मर्व, तू ज्युरीत होतास ना?"

"तीन दिवस."

"निकाल लागायच्या आधी कुणाला घरी सोडलं होतं?"

"नाही."

"मग बस गप्प." तिने पायमोजा पुन्हा चढवला. "मी एक शब्द बोलले नव्हते दीड वर्ष. केसांचं ऐकलं, सळईचं ऐकलं. आता त्याने लिहून दिलंय की ही माझी नाही. मी केस मिटवली तर ती फुली तशीच राहील. हिच्या लग्नात पण लोकांना आठवेल. मला तिच्यापेक्षा मोठा कागद पाहिजे. शिक्क्याचा. आणि हे लोणचं घेऊन जा."

"अगं, तो नुसता नियम म्हणून..."

"लोणचं, मर्व."

वेनने फुली मागे घ्यायचं पत्र लिहिलं. कोर्टाने कळवलं, उशीर झाला, आता बाप कोण याची तपासणी होईल. आईच्या नव्हे, बापाच्या आणि मुलीच्या गालाच्या आतून कापूस फिरवायचा. डॅनेटने आयलाला दुसऱ्याच दिवशी नेलं. वेनला मी नेलं, माझ्या ट्रकमधून. नर्सने आधी फोनवर सांगितलं होतं, तासभर काही खाऊ नका. पण बर्फामुळे एक तासाचा रस्ता अडीच तासांचा झाला, आणि माझ्या ट्रकमध्ये वाळवलेल्या हरणाच्या मांसाची पिशवी नेहमीच असते. तासभर कुठून मोजायचा हे नर्सने सांगितलं नव्हतं.

प्रयोगशाळेने कळवलं: नमुना निकामी. माणसाखेरीज इतर प्राण्याचा अंश सापडला.

हे पत्र आयरीनने वाचलं नाही असं ती शपथेवर सांगते. तरी रविवारी चर्चच्या कॉफीला सगळ्या गावाला माहीत होतं की वेन पुरता माणूस नाही. उर्होकाका, म्हणजे लेम्पीकाकूचा धाकटा दीर, तीस वर्षं या संधीची वाट बघत असल्यासारखा उठला, साखर घ्यायला म्हणून तिच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लेम्पी, आमच्या घराण्यात तर असं काही नव्हतं. तुझ्या बाजूने असेल का?"

काकू चार दिवस कुणाशी बोलली नाही. नवऱ्याच्या मयतीलाही ती इतकी गप्प नव्हती.

दुसऱ्या वेळी डॅनेट स्वतः वेनला घेऊन गेली. रस्ताभर त्याच्याकडे बघत बसली, त्याचं तोंड हलतंय का म्हणून. अडीच तासांत ती एकदाच बोलली: "विरुद्ध पक्षकार, काच वर करा."

फेब्रुवारीत सुनावणी झाली. जज ट्रुडेलबाई. चांगली बाई, तिच्या मागच्या भिंतीवर आठ टोकांच्या शिंगांचं हरणाचं डोकं आहे आणि ते तिने स्वतः मारलंय. तिने कागद चाळले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तुम्ही दोघं एकाच पत्त्यावर राहता?"

"हो," डॅनेट म्हणाली.

"मग घर सोडून गेलेला बाप कुठाय?"

वेनने हात वर केला.

"मिस्टर लाह्ती, तुम्ही कुठे राहता?"

"साउनात."

"आणि त्याआधी?"

"कँपात. पण ते नोव्हेंबरात, जजबाई."

जजबाईंनी तारीख बघितली. चौदा नोव्हेंबर. मान हळूहळू वर आली. तिला सगळं कळलं, मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. "आणि मूल तुमचं नाही असं का लिहिलंत?"

वेनने माझ्याकडे बघितलं. "मर्वने सांगितलं."

"मर्व कोण?"

मी छताकडे बघत होतो. मागून उर्होकाका म्हणाला, "ते आमचे वकील."

"परवाना आहे तुमच्याकडे?" जजबाईंनी मला विचारलं.

"हरणाचा आहे," मी म्हटलं.

मला खाली बसायला सांगण्यात आलं. मग तिने निकाल वाचला. वेन लाह्ती हाच आयलाचा बाप, नव्व्याण्णव पूर्णांक नऊ नऊ टक्के.

"आणि उरलेलं?" लेम्पीकाकू मागच्या बाकावरून म्हणाली.

"उरलेलं, बाई, या कोर्टाच्या हद्दीत येत नाही." जजबाई डॅनेटकडे वळल्या. "झालं तर मग. चूक तारखेची होती. मी प्रकरण काढून टाकते, तुम्ही दोघं घरी जा."

डॅनेट उभी राहिली. तिने दुकानातल्या पिशवीच्या मागे काहीतरी लिहून आणलं होतं, पण ते बघितलं नाही.

"काढून टाकू नका," ती म्हणाली. "जजबाई, त्यांनी कँपात पाच मिनिटांत लिहून दिलं, पेन्सिलीने. ते सगळ्या गावाने वाचलं. तुम्ही प्रकरण काढलंत तर कागद एकच उरतो, त्यांचा. माझी मुलगी मोठी होऊन विचारेल तर मी काय दाखवू? मला हुकूम पाहिजे. बाप कोण ते लिहा. बापाने काय करायचं ते लिहा. सहीचा, शिक्क्याचा."

"पण तो तुमच्याच घरात राहणार. त्याचाच पगार कापून तुम्हालाच..."

"चालेल. जाऊ दे पैसा राजधानीला आणि येऊ दे परत. दर आठवड्याला त्यांना आठवण राहील."

जजबाईंनी आठ टोकांच्या हरणाकडे एकदा बघितलं, आणि हुकूम सांगितला. तीन पानी. वेन हा बाप आहे. पगारातून दर आठवड्याला रक्कम कापली जाईल. बाप घरी परत येईपर्यंत.

"पण मी घरीच आहे," वेन म्हणाला. "परत आलो हे कोण ठरवणार?"

"तुम्ही गेलात असं ज्यांनी सांगितलं, त्याच."

तर असं चालू झालं. वेन बर्फ काढायचा, त्याचा पगार कापून चारशे मैल खाली जायचा आणि डॅनेटच्या नावच्या सरकारी कार्डावरून पुन्हा त्याच्याच स्वयंपाकघरात यायचा. वेन टेबलाशी बसून दूध प्यायचा आणि आयला सांगायची, "माझं." ते खरंच तिचं होतं, शिक्क्यानिशी. मार्चमध्ये तो साउनातून सोफ्यावर आला. मग त्याने जिना दुरुस्त केला, गळकं छप्पर नवं केलं, डॅनेटच्या गाडीला नवे ब्रेक बसवले, अंगणात झोपाळा बांधला.

"आता तरी?" तो म्हणायचा.

"जिना छान झालाय."

"तुला पाहिजे काय? नुसतं सांग, करतो."

"सांगून करून घ्यायचं असतं तर सुताराला बोलावलं असतं," डॅनेट म्हणायची.

वेनला कळत होतं हो. मलाही कळत होतं. ऑक्टोबरात तो आईकडे सळई मागायला गेला. काकू म्हणाली, सापडत नाही. आणि त्याची मान डोलली. त्याने येऊन मला सांगितलं तेव्हा तो स्वतःच्या मानेला शिव्या घालत होता.

पंधरा नोव्हेंबर. पहाटे जंगलात बसून, काही न दिसता, साडेनऊच्या सुमारास आम्ही तिघं गारठून कँपात परतलो. काका अंडी तळत होता. आमच्यात नियम आहे: ज्याला गेल्या वर्षी हरीण मिळालं नाही, यंदाच्या मोसमातली पहिली गोळी त्याची. दुसऱ्याने बंदुकीला हात लावायचा नाही. म्हणजे वेनची.

बाहेर गाडीचा आवाज आला. दार उघडलं आणि डॅनेट आत आली. शिकारीतलं नारिंगी जाकीट, कडेवर नारिंगी टोपीतली आयला, एका हातात नवी कोरी लोखंडी सळई, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली. बासष्ट वर्षांत त्या दारातून बाई आत आली नव्हती. काकाने अंडं उलटायचा झारा छातीशी धरला.

"पायपुसणं नाही इथे?" डॅनेट म्हणाली, आणि तशीच आत आली. जाकिटातून हुकूम काढला आणि माझ्यापुढे धरला. "वाच."

"मी?"

"तू वकील ना? सगळं वाच. याच खोलीत फुली मारली होती, याच खोलीत वाच."

मी वाचलं. तीन पानं. कलमं, पोटकलमं, सगळी. 'उक्त अल्पवयीन' असं सतरा वेळा आहे त्यात, आणि दर वेळी आयला टाळी वाजवत होती. अंडी करपली, पण हलायची कुणाची छाती झाली नाही. वाचून झालं तेव्हा डॅनेटने सळई टेबलावर ठेवली. वेनकडे बघितलंही नाही.

वेन उठला. सळई उचलली, शेगडीत खुपसली. लाल झाल्यावर भिंतीपाशी नेली, स्वतःच्या नावाखालच्या फळीला टेकवली. सळई बारीक होती. धूर आला, एक तपकिरी ओरखडा उठला आणि टोक वाकलं.

"ती मासे भाजायची आहे," दारातून आवाज आला.

लेम्पीकाकू. डॅनेटच्या गाडीच्या चाकोरीतून मागोमाग आली होती, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. कँप तिच्या नावावर होता तरी तिने उंबरा कधी ओलांडला नव्हता. आत्ताही थबकली. मग बघितलं की डॅनेट आत उभी आहे, आणि आली.

"सापडली वाटतं," डॅनेट म्हणाली.

"हरवली कुठे होती." काकूने टॉवेल सोडला. आजोबांची सळई, बोटाएवढी जाड. "वेनच्या वेळी माझ्या सासूने एक वर्ष थांबवलं होतं. मी तुला दोन थांबवलं. आता पुरे." तिने ती वेनच्या हातात दिली, आणि मग इकडे तिकडे बघत म्हणाली, "ईऽ, ही भांडी कधी घासली होती?"

इंग्रजीत नाव चार अक्षरांचं आहे. जाड सळई तापायला वेळ लागतो, आणि एकदा तापली की थांबता येत नाही. थांबलं तर रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ त्या भिंतीवर कायमची राहते. वेनने पहिलं अक्षर डागलं. दुसरं घेतलं. आणि तेव्हा काका, जो खिडकीपाशी होता, विचित्र आवाजात म्हणाला, "वेन."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. चाळीस पावलांवर, बर्फात, उघड्यावर, एक नर उभा होता. मी माझ्या आयुष्यात तसं जनावर बघितलं नाही. शिंगांचं झाड. काका ओठांतल्या ओठांत मोजत होता. "बारा... तेरा... वेन. चौदा. वेन, चौदा टोकं."

बंदूक दाराला टांगलेली होती. वेनपासून दोन हात. गोळी त्याची, आम्हाला हात लावायची सोय नाही. त्याच्या हातात सळई धुमसत होती. त्याने मान वळवून खिडकीतून बघितलं, एकदाच. मी त्याला पाळण्यापासून ओळखतो. तसं हरीण तो सात वर्षांचा असल्यापासून चित्रात काढत आलाय.

"अरे माझ्या राजा, बघतोस काय!" काका रडकुंडीला आला होता.

"अजून दोन अक्षरं आहेत," वेन म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

हरीण निवांत उभं होतं. त्याने आमच्या खिडकीत बघितलं, झाडाला पाठ घासली, पुन्हा बघितलं. तिसरं अक्षर झालं. काकाने झाऱ्याने तोंड झाकून घेतलं. चौथ्याची शेवटची रेघ वेनने सावकाश ओढली, एवढी सावकाश की मला ओरडावंसं वाटलं, आणि सळई काढली तेव्हा बाहेर नुसतं बर्फ होतं.

आयलाने बोट दाखवलं. "माझं."

"तुझं," वेन म्हणाला. मग त्याने आईकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगतो, मान डोलली नाही.

डॅनेट भिंतीपाशी गेली. अक्षरं अजून गरम होती, म्हणून जरा अंतरावरून बघत राहिली. शेवटची रेघ थोडी वाकडी होती. मग तिने माझ्या हातातून हुकूम घेतला, नीट घडी घातली, आणि खालच्या खिळ्याला अडकवला, जिथे आम्ही पत्त्यांचे गुण लिहून ठेवतो.

कँपात फोन लागत नाही, टेकडीवर जावं लागतं. आयलाला कडेवर घेऊन मी डॅनेटबरोबर चढलो. काकू खाली भांडी घासायला बसली होती आणि काका तिला गरम पाणी आणून देत होता, बोलायची हिंमत नव्हती म्हणून. डॅनेटने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, वकिलाने साक्षीला ऐकावं म्हणून असेल.

"मुलीचे वडील परत आलेत का?" प्रिसिलाने विचारलं. वर्षभरात तिचा आवाज जरा आमच्यासारखा झाला होता.

"आले," डॅनेट म्हणाली.

"कधी?"

"आज सकाळी. दहाच्या सुमारास."

कळा दाबल्याचा आवाज आला. "म्हणजे आता घरी आहेत."

डॅनेटने खाली बघितलं. कँपाच्या धुराड्यातून धूर निघत होता. दारात वेन उभा होता, ज्या जागी हरीण उभं होतं तिकडे बघत.

"नाही," ती म्हणाली. "कँपात आहेत. तीस तारखेला येतील."

प्रिसिला म्हणाली, "कळलं. 'घरी आहेत' असंच लिहिते. माझा पण शिकारीलाच गेलाय."